टाळूतील छिद्र आणि ते बंद करणारी प्लेट (ऑब्ट्युरेटर): रुग्ण व कुटुंबीयांसाठी माहिती

वरच्या जबड्याच्या कर्करोगासाठी किंवा म्युकरमायकोसिससाठी (काळी बुरशी) शस्त्रक्रिया ठरते, तेव्हा घरातल्या सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न असतो: आजार पूर्ण निघेल ना? ते स्वाभाविक आहे. पण शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला तोंडाने पहिला घोट दिला जातो, पाणी नाकातून बाहेर येते आणि सगळे घाबरतात. रुग्ण काही सांगायला जातो, तर शब्द घरच्यांनाही कळत नाहीत. आजार निघालेला असतो, पण टाळूच्या जागी आता एक पोकळी असते.

ही पोकळी झाकणाऱ्या कृत्रिम साधनाला ऑब्ट्युरेटर म्हणतात. बहुतेक रुग्ण तिला नुसते ‘टाळूची प्लेट’ म्हणतात, म्हणून या लेखातही तोच शब्द वापरला आहे. दिसायला ती कवळीसारखी असते. फरक इतकाच की तिच्या वरच्या बाजूला छिद्रात बसणारा एक फुगवटा असतो. नीट बसलेली प्लेट घातल्यावर बहुतेक रुग्ण त्याच दिवशी आधीपेक्षा स्पष्ट बोलू लागतात. मात्र ही प्लेट चांगली बसावी म्हणून करायची महत्त्वाची कामे शस्त्रक्रियेच्या आधीची आहेत. ती राहून गेली तर नंतर भरून काढणे अवघड जाते.

टाळूचे काम काय असते?

जिभेचे टोक वरच्या दातांच्या मागे लावून हळूहळू आत न्या. आधी कडक भाग लागेल, मग मऊ. पुढची कडक टाळू हाडाची असते. मागची मऊ टाळू स्नायूंची असते आणि तिच्याच टोकाला पडजीभ लोंबते. तोंडाचे हे छत म्हणजेच नाकाची जमीन. त्याला छिद्र पडले की तोंड आणि नाक, किंवा तोंड आणि गालाच्या हाडामागची पोकळी (सायनस) एक होतात.

याचा पहिला परिणाम खाण्यापिण्यावर होतो. चहा, ताक, आमटी नाकातून येते, भाताची शिते वर अडकतात. दुसरा परिणाम बोलण्यावर होतो. प, ब, त, द, क, ग ही अक्षरे उच्चारताना तोंडात क्षणभर हवा कोंडावी लागते. छिद्र असेल तर ती हवा नाकातून निसटते. म, न ही अक्षरे मुळात नाकातूनच येतात, त्यामुळे ती शाबूत राहतात. म्हणून रुग्ण ‘बाबा’ म्हणतो आणि ऐकणाऱ्याला ‘मामा’ ऐकू येते. घरच्या घरी पाहायचे असेल तर नाकपुड्यांखाली छोटा थंड आरसा धरा आणि रुग्णाला ‘पापा, पापा’ म्हणायला सांगा. आरशावर वाफ धरली, तर हवा नाकातून जाते आहे. प्लेट बसवल्यावर हीच चाचणी पुन्हा केली की फरक डोळ्यांना दिसतो.

तिसरा परिणाम कागदावर कुठे लिहिला जात नाही. असे रुग्ण लग्नाच्या पंगतीत बसायचे टाळतात, फोन उचलत नाहीत, जेवताना घरच्यांकडेही पाठ करून बसतात. घरच्यांना वाटते माणूस आजाराने खचला आहे. खरे तर अनेकदा तो फक्त नाकातून आलेल्या आमटीने ओशाळलेला असतो.

छिद्र कशामुळे पडते?

आपल्याकडे मोठ्यांमध्ये सर्वांत जास्त रुग्ण कर्करोगाचे असतात. तंबाखू, गुटखा, खर्रा, मिश्री यांमुळे गालाचा, हिरडीचा किंवा वरच्या जबड्याचा कर्करोग होतो आणि गाठीसोबत जबड्याचा काही भाग काढावा लागतो. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर यात म्युकरमायकोसिसची भर पडली. ही बुरशी रक्तवाहिन्या बंद करते, हाड मरते आणि ते काढल्याशिवाय आजार आटोक्यात येत नाही. मधुमेह ताब्यात नसलेल्या व्यक्तींना हा आजार कोविडच्या आधीही होत होता आणि आजही होतो.

वरची दाढ काढल्यावर सायनसमध्ये उघडणारे बारीक छिद्र पडू शकते. ते बहुधा आपोआप किंवा लहान शस्त्रक्रियेने बुजते. अपघात, बंदुकीची गोळी, क्षयरोग किंवा सिफिलिसची जुनी जखम, कोकेन ओढणे ही इतर कारणे. जन्मतः दुभंगलेल्या टाळूचा विषय थोडा वेगळा आहे. त्याबद्दल पुढे स्वतंत्र लिहिले आहे.

छिद्र शस्त्रक्रियेनेच का बुजवत नाहीत?

हा प्रश्न प्रत्येक कुटुंब विचारते आणि विचारायलाच हवा. शरीराच्या दुसऱ्या भागातून, उदाहरणार्थ मांडी, हात किंवा पायाच्या पोटरीतल्या बारीक हाडाजवळून मांस, त्वचा किंवा हाड आणून जबड्यात जोडता येते. याला फ्लॅप म्हणतात. फ्लॅप यशस्वी झाला तर रोज प्लेट काढ-घाल करावी लागत नाही. डोळ्याखालचे हाड गेले असेल, पुढचे दोन्ही सुळे आणि त्यामधला भाग गेला असेल किंवा गालाची त्वचाही काढावी लागली असेल, तर केवळ प्लेटवर भागत नाही आणि फ्लॅपचाच विचार करावा लागतो.

पण फ्लॅपची शस्त्रक्रिया बरेच तास चालते. रुग्णाचे वय, हृदय, साखर आणि पोषण यांना ती झेपली पाहिजे. आणलेल्या मांसाचा रक्तपुरवठा बंद पडला, तर ते काढावेही लागते. प्लेटची जमेची बाजू म्हणजे ती काढून आतली जागा थेट डोळ्यांनी तपासता येते. आजार परत येतो आहे का हे पाहण्यासाठी याचा उपयोग होतो. म्युकरमध्ये तर संसर्ग पूर्ण गेल्याची खात्री होईपर्यंत जागा उघडी ठेवणेच अनेक शल्यविशारद पसंत करतात.

माझे मत विचाराल तर दात बऱ्यापैकी शिल्लक असलेल्या आणि जबड्याची एकच बाजू गेलेल्या रुग्णाने प्लेटला ‘गरिबाचा पर्याय’ समजू नये. अशा रुग्णांना चांगल्या प्लेटने उत्तम खाता-बोलता येते. उलट एकही दात नसलेल्या रुग्णात मोठे छिद्र असेल, तर फ्लॅप किंवा इम्प्लांटची चर्चा आधीच करावी.

एक नव्हे, तीन प्लेट

‘प्लेट एकदा बसवली की झाले’ हा गैरसमज इतका पक्का असतो की दुसऱ्या प्लेटचे नाव काढताच नातेवाईकांना वाटते, पहिली चुकीची बनली. तसे नसते. जखम भरताना पोकळीचा आकार सतत बदलतो आणि प्लेटला त्याच्यामागे जावे लागते.

पहिली प्लेट शस्त्रक्रियेच्या टेबलावरच बसवतात. त्यासाठी वरच्या जबड्याचे माप शस्त्रक्रियेच्या आधी घ्यावे लागते. शल्यविशारद आणि प्रोस्थोडॉन्टिस्ट (कृत्रिम दात व जबड्याचे तज्ज्ञ) मिळून कुठपर्यंत हाड कापले जाईल ते साच्यावर आखतात आणि त्यानुसार साधी अॅक्रिलिकची प्लेट बनवून ठेवतात. शस्त्रक्रिया संपताना ती तारेने, टाक्यांनी किंवा स्क्रूने पक्की करतात. ती जखमेतला गॉजचा पॅक जागेवर धरते आणि अन्न जखमेत जाऊ देत नाही. अनेकांना नाकातली नळी लवकर काढून तोंडाने खाणे सुरू करता येते. शिवाय भूल उतरल्यावर रुग्णाला बोलता येते. मानसिकदृष्ट्या याचे मोल फार मोठे आहे. ही प्लेट साधारण आठवडा-दहा दिवसांनी डॉक्टरच काढतात. घरी ती हलवून पाहू नये.

दुसरी म्हणजे मधल्या काळातली प्लेट. पॅक निघाल्यावर लगेच ही देतात किंवा पहिलीतच बदल करून तिला मऊ अस्तर लावतात. जखम आकसत जाते, त्यामुळे दर एक-दोन आठवड्यांनी हे अस्तर बदलावे लागते. गावाहून येणाऱ्या रुग्णांना या फेऱ्या जड जातात, पण त्या टाळू नयेत. या काळात डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय प्लेट रात्रभर काढून ठेवू नका. ताजी जखम वेगाने आखडते. दोन दिवस टोचते म्हणून प्लेट कपाटात ठेवली, तर तिसऱ्या दिवशी ती आत जात नाही. टोचत असेल तर त्याच दिवशी फोन करा. घासून देणे हे पाच मिनिटांचे काम असते.

तिसरी म्हणजे कायमची प्लेट. जखम पूर्ण भरल्यावर, म्हणजे सहसा शस्त्रक्रियेनंतर तीन ते सहा महिन्यांनी ती बनवतात. रेडिएशन झाले असेल तर आणखी थांबावे लागते. हिच्यात कृत्रिम दात असतात. शिल्लक दातांना पकडणारा सांगाडा बहुधा कोबाल्ट-क्रोमियम धातूचा असतो आणि छिद्रात जाणारा फुगवटा आतून पोकळ ठेवतात. तो भरीव केला तर प्लेट वजनाने सारखी खाली येते आणि ज्या दातांवर ती अडकवली आहे ते दातही हलू लागतात. ‘कायमची’ हा शब्दही तसा ढोबळच आहे. हिरड्या बदलतात, अॅक्रिलिक झिजते आणि काही वर्षांनी नवी प्लेट करावी लागते.

पहिली प्लेट करायची राहिली असेल तरी पुढच्या दोन्ही करता येतात. पण मधले काही आठवडे नळीने जेवण आणि पाटीवर लिहून संवाद अशी वेळ येते, शिवाय गाल आत ओढला जाण्याची शक्यता वाढते.

शस्त्रक्रियेच्या आधी काय करून घ्यावे?

रुग्णालयात ‘माझे दातांचे माप घेतले का?’ असे थेट विचारा. मापाला जेमतेम पंधरा-वीस मिनिटे लागतात. शस्त्रक्रियेची तारीख दोन दिवसांवर असली तरी ते शक्य असते. आदल्या दिवशी संध्याकाळी विचारले तर मात्र कोणाचाच इलाज चालत नाही.

दुसरा प्रश्न शिल्लक राहणाऱ्या दातांचा. कायमची प्लेट याच दातांवर टिकते. कापाच्या काठावरचा एक सुळा वाचला, तरी पुढच्या आयुष्यात फार फरक पडतो. म्हणून अनेक शल्यविशारद दोन दातांच्या बरोबर मधून हाड न कापता एक दात काढून त्याच्या खळग्यातून कापतात. त्यामुळे शेजारच्या दाताभोवती पुरेसे हाड उरते. पोकळीच्या गालाकडच्या भिंतीवर मांडीची पातळ त्वचा लावली, तर तीही प्लेटला आधार देते आणि गाल कमी आखडतो. हे निर्णय अर्थातच आजार कुठवर पसरला आहे त्यावर ठरतात. कर्करोग मागे ठेवून दात वाचवत नाहीत. पण शल्यविशारद आणि प्रोस्थोडॉन्टिस्ट यांचे शस्त्रक्रियेपूर्वी एकदा बोलणे झाले, तर शक्य तेवढे वाचते. ‘तुम्ही दोघे बोललात का?’ असे विचारण्यात उद्धटपणा नाही.

तिसरी गोष्ट, तोंड किती उघडते? स्वतःची तीन बोटे उभी करून दातांमध्ये बसतात का पाहा. सुपारी-गुटख्यामुळे तोंड आखडलेल्या रुग्णांचे तोंड मुळातच दीड-दोन बोटे उघडते आणि शस्त्रक्रिया व रेडिएशननंतर ते आणखी कमी होते. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधले अंतर ३५ मिलिमीटरपेक्षा कमी असेल, तर त्याला तोंड आखडणे म्हणतात. प्लेट कितीही चांगली असली, तरी तोंडात शिरलीच नाही तर उपयोग काय? दोन तुकड्यांत बनवून चुंबकाने जोडता येणारी प्लेट करता येते, पण ती सांभाळणे कटकटीचे असते. त्यामुळे डॉक्टरांनी परवानगी देताच जबड्याचे व्यायाम सुरू करा. आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांची चळत दातांमध्ये धरायची, काही दिवसांनी एक काडी वाढवायची, दिवसातून अनेकदा थोडा थोडा वेळ. हा व्यायाम रेडिएशन संपल्यावरही काही महिने चालू ठेवावा लागतो, कारण आखडणे उशिरानेही सुरू होते. आणि तंबाखू, सुपारी पूर्ण बंद. यात तडजोड नाही.

जेवण आणि पाणी

प्लेट बसल्यावर पहिल्या दिवशी वरण-भात, भाजी-पोळी असे ताट पुढे ठेवू नका. सुरुवात दाट आणि मऊ पदार्थांनी करा: खिमट, मऊ भात, दाट पेज, शिरा, कुस्करलेले केळे, दही. सगळ्यात अवघड असतात पातळ पदार्थ. पाणी, चहा, सार हे बारीक फटीतूनही नाकात जातात. ताठ बसा, मान वर करून घोट ओतू नका, छोटे घोट घ्या. घास शाबूत दातांच्या बाजूला ठेवून चावा. प्लेटच्या बाजूला कडक काही चावले की ती शिसॉसारखी दुसऱ्या बाजूने उचकटते.

जेवताना पुढे वाकल्यास थोडे पाणी नाकातून येऊ शकते. चांगल्या प्लेटनेही हे शंभर टक्के थांबेलच असे नाही. पण ताठ बसूनही प्रत्येक घोटाला पाणी येत असेल, तर प्लेटला दुरुस्ती हवी. एक धोका सहसा कोणी सांगत नाही. प्लेटमुळे टाळूला गरमपणा नीट कळत नाही. चहा ओठांना लावून पाहा, नाहीतर घसा पोळेल.

बोलणे

छिद्र फक्त कडक टाळूत असेल, तर प्लेटने आवाज बराच पूर्ववत होतो. मऊ टाळू गेली असेल तर काम अवघड असते, कारण ती बोलताना हलते आणि प्लेट हलत नाही. अशा वेळी प्लेटला मागे घशाच्या दिशेने एक गोळा जोडतात, त्याला स्पीच बल्ब म्हणतात. घशाच्या भिंतीचे स्नायू आवळले की त्या गोळ्याभोवती हवा अडते. तो लहान असेल तर बोलणे गेंगाणे राहते आणि मोठा असेल तर नाकाने श्वास घेता येत नाही, उमाळे येतात. योग्य माप सापडायला तीन-चार भेटी लागतात. शक्य असेल तिथे स्पीच थेरपिस्टची मदत घ्या. घरी रोज दहा मिनिटे वर्तमानपत्र मोठ्याने वाचणे हा साधा सराव आहे.

या प्लेटचा इतिहास जुना आहे. सोळाव्या शतकातील फ्रेंच शल्यविशारद अम्ब्रोज पारे यांनी धातूच्या पत्र्याला स्पंज लावून टाळू झाकण्याचे वर्णन करून ठेवले आहे. अमेरिकेचे अध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड यांच्या टाळूतली गाठ जुलै १८९३ मध्ये एका नौकेवर गुप्तपणे काढण्यात आली आणि रबराची प्लेट बसवल्यावर ते पुन्हा कामाला लागले. शस्त्रक्रियेत सहभागी असलेल्या डॉ. कीन यांनी ही हकीकत १९१७ मध्ये प्रसिद्ध केली. याउलट मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांना १९२३ पासून १९३९ मध्ये मृत्यू येईपर्यंत प्लेटचा त्रासच झाला. ते तिला ‘राक्षस’ म्हणत. त्यांच्या जबड्यावर तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या आणि प्रत्येक वेळी आतला आकार बदलत गेला. दोघांच्या अनुभवातला फरक बराचसा छिद्राच्या आकाराचा आणि आजाराच्या वागण्याचा आहे. म्हणून शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाशी आपली तुलना करू नका.

प्लेटची आणि पोकळीची स्वच्छता

दोन्ही साफ ठेवाव्या लागतात. लोक प्लेट धुतात आणि पोकळी विसरतात, मग दुर्गंधी येते.

प्लेट प्रत्येक जेवणानंतर काढून मऊ ब्रश आणि साध्या साबणाने धुवा. टूथपेस्टने बारीक ओरखडे पडतात आणि त्यात बुरशी वाढते. उकळते पाणी नको, अॅक्रिलिक वाकडे होते. धातूचा सांगाडा असेल तर ब्लीचही नको. बेसिनमध्ये पाणी भरून किंवा खाली टॉवेल घालून त्यावर धुवा, म्हणजे हातातून निसटली तरी फुटणार नाही. कायमची प्लेट रात्री काढून पाण्यात ठेवायला बहुतेक डॉक्टर सांगतात. कोरड्या डबीत किंवा कागदात गुंडाळून ठेवू नका. असा कागद कचरा म्हणून टाकला गेल्याची उदाहरणे कमी नाहीत.

पोकळीसाठी एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात एक लहान चमचा मीठ आणि एक लहान चमचा खाण्याचा सोडा घाला. या पाण्याने चुळा भरा किंवा डॉक्टरांनी दाखवल्याप्रमाणे पिचकारीने हलक्या हाताने धुवा. रेडिएशननंतर आत सुक्या खपल्या धरतात. त्या ओढून काढल्या तर रक्त येते. याच पाण्यात भिजवलेला गॉज काही वेळ लावून ठेवला की त्या सैल होतात. सुरुवातीला आरशात पोकळी पाहणे रुग्णाला जमत नाही. चक्कर येते, रडू येते. घरातल्या एकाने डॉक्टरांसमोर हे शिकून घ्यावे, पण पुढे रुग्णाने स्वतः करावे हे बरे. स्वतःला साफ करता आले की परावलंबनाची भावना बरीच कमी होते.

प्लेट तुटली तर झटपट चिकटवणाऱ्या गोंदाने जोडू नका. तो तोंडासाठी नसतो आणि वाकडी जुळलेली प्लेट नंतर दुरुस्तही होत नाही. तुटके तुकडे तोंडात घालू नका, श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. सगळे तुकडे जपून घेऊन या.

रेडिएशन असेल तर

तोंड कोरडे पडते आणि लाळ कमी झाल्याने दात झपाट्याने किडतात. इथे किडणारा दात म्हणजे प्लेटचा खांबच. खराब दात रेडिएशन सुरू होण्यापूर्वी दोन-तीन आठवडे काढून घ्यावेत, उरलेल्यांना नियमित फ्लोराइड लावावे. रेडिएशननंतर जबड्यातला दात काढल्यास हाड न भरून येण्याचा धोका कायम राहतो. त्यामुळे दहा वर्षांनी गावातल्या दंतवैद्याकडे गेलात, तरी ‘मला रेडिएशन झाले आहे’ हे आधी सांगा. उपचार चालू असताना तोंड सोलवटून प्लेट घालणे असह्य झाले, तर ती किती वेळ काढायची हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

दुभंगलेल्या टाळूचे बाळ

आधी आईसाठी. ग्रहणात काही चिरल्याने किंवा कापल्याने बाळाची टाळू दुभंगत नाही. घरात कोणी तसे म्हणत असेल, तर त्यांना डॉक्टरांसमोर बसवा.

अशा बाळाला स्तनपान ओढता येत नाही, कारण तोंडात पोकळीचा जोर तयार होत नाही. पूर्वी सरसकट फीडिंग प्लेट बसवत असत. काही बाळांना तिचा फायदा होतो, पण तिच्यामुळे वजन अधिक वाढते असे अभ्यासांत दिसलेले नाही. दाबता येणारी मऊ बाटली, वाटी-चमचा किंवा बोंडले वापरून, बाळाला बरेचसे उभे धरून, मध्ये मध्ये ढेकर काढत काढलेले आईचे दूध पाजणे बहुतेक बाळांना पुरते. एका वेळी अर्ध्या तासाहून जास्त लागू लागले तर बाळ दमते. अशा वेळी आणि वजन वाढत नसेल तर प्लेटचा विचार करतात. बाळाचा जबडा वाढत असल्याने ती वरचेवर बदलावी लागते.

इथे प्लेट हा तात्पुरता आधार आहे. टाळू शिवण्याची शस्त्रक्रिया साधारण नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान करतात, म्हणजे बोलणे सुरू होताना टाळू तयार असते. शस्त्रक्रियेनंतर एखादे लहान छिद्र राहिले आणि पुन्हा शस्त्रक्रिया लगेच करायची नसेल, तर मोठ्या मुलांनाही छोटी प्लेट देता येते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दुभंगलेले ओठ आणि टाळू यांचा समावेश आहे. अंगणवाडी किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून नाव नोंदवून घ्या. स्माईल ट्रेन या संस्थेशी जोडलेल्या रुग्णालयांतही ही शस्त्रक्रिया मोफत होते.

कुठे जावे, खर्चाचे काय?

हे काम सर्वच दंतवैद्य करत नाहीत. प्रोस्थोडॉन्टिक्समध्ये एम.डी.एस. केलेले आणि जबड्याच्या कामाचा अनुभव असलेले तज्ज्ञ शोधा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये, मुंबईतले नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय, बांबोळीचे गोवा दंत महाविद्यालय येथे हा विभाग आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात दंत व प्रोस्थेटिक विभाग रुग्णालयातच आहे. खाजगी दंत महाविद्यालयांतही दर बहुधा दवाखान्यांपेक्षा कमी असतात. वेळ जास्त जातो, हे खरे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून शस्त्रक्रिया होत असेल, तर प्लेटचा खर्च त्यात धरला आहे का, हे आरोग्यमित्रांना दाखल होतानाच विचारा. तिन्ही प्लेटचा मिळून अंदाज घ्या, फक्त पहिलीचा नको. पैशांची ओढाताण असेल तर धातूच्या सांगाड्याऐवजी अॅक्रिलिकची प्लेट आणि तारेचे हूक यावर सुरुवात करता येते. ती जाड लागते, पण काम करते.

लगेच दाखवावे अशी लक्षणे

तोंडातून किंवा नाकातून ताजे रक्त येऊन थांबत नसेल, ताप येऊन गाल किंवा डोळा सुजला असेल, दृष्टी अंधुक झाली असेल, खाताना वारंवार ठसका लागून खोकला होत असेल, तर भेटीच्या तारखेची वाट पाहू नका. म्युकर होऊन गेलेल्या रुग्णाची साखर वाढलेली असताना पोकळीत काळसर खपली दिसली, तर त्याच दिवशी दाखवा.

प्लेट काही महिने छान बसत होती आणि आता अचानक आत जात नाही किंवा एका बाजूने उचलली जाते, असे झाले तर आपण वजन घटणे, हिरडी आकसणे अशी कारणे काढतो. बहुतेकदा तीच असतात. पण कधीकधी आतून नवी वाढ प्लेटला ढकलत असते. म्हणून अशी प्लेट घासून घेण्याआधी पोकळी शल्यविशारदांना दाखवा. दोन आठवड्यांत न भरलेला व्रण, गालाला नव्याने आलेला बधिरपणा, मानेतली गाठ यांनाही हेच लागू होते. तपासणीला जाताना प्लेट तोंडात घालून जा आणि सोबत पाण्याची डबी न्या, कारण डॉक्टर ती काढून आत पाहणारच.